न्यायाधीश मतपेटीतून यावा काय?

(उद्यमबाग येथे सभासदांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण बी. कॉम. वकिलीची सनद आमच्याकडे नाही. तेव्हा न्यायाधीशांच्या निवडीवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच, की ज्याचा निकाल लागायचा आहे त्याला न्याय देणाऱ्याविषयी विचारण्याचा अधिकार असतो. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. कागदावर वादी महाराष्ट्र सरकार आहे, पण निकालाची वाट आपण पाहतो आहोत. त्या वर्षी जन्मलेली मुले आज याच उद्यमबागेत लेथवर उभी आहेत.

याच मुलांपैकी काहींनी मागच्या बैठकीत प्रश्न विचारला. नगरसेवक आपण निवडतो, आमदार निवडतो, खासदार निवडतो, मग न्यायाधीश का निवडू नये? काही ज्येष्ठांनी त्यांना गप्प बसवले. आम्हाला ते पटले नाही. प्रश्न चांगला आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

जगात काही ठिकाणी न्यायाधीश खरोखरच मतांनी निवडतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कोणत्या ना कोणत्या पातळीवर न्यायाधीशांना मतदारांपुढे जावे लागते. आमचा भाचा तिकडे विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरात नोकरीला आहे. त्याला तिथे मत नाही, पण उत्सुकता आहे. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी १ एप्रिल २०२५ रोजी निवडणूक झाली. तत्पूर्वी १२ मार्चला मार्केट विद्यापीठात दोन्ही उमेदवारांची समोरासमोर चर्चा झाली. तिची चित्रफीत त्याने पाठवली, आणि आम्ही चार-पाच मित्रांनी एका रविवारी बसून ती अथपासून इतिपर्यंत पाहिली. इंग्रजी समजायला थोडे जड गेले, पण भाव समजायला जड गेले नाहीत.

उमेदवार दोघे. सुसान क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल. दोघेही आपापल्या काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर, न्यायाधीश. शिमेल पूर्वी त्या राज्याचे अॅटर्नी जनरल होते. न्यायालयात जागा सात, मुदत दहा वर्षे. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नाही. पण कोण कोणाचा हे मंचावर पहिल्या दहा मिनिटांत कळत होते.

प्रश्न कोणते आले? गर्भपाताविषयी १८४९ सालच्या जुन्या कायद्याचे काय, हा एक. तो दावा त्या वेळी त्याच न्यायालयात प्रलंबित होता! कामगार संघटनांच्या हक्कांविषयीच्या कायद्याचे काय, हा दुसरा. तुमच्या प्रचाराला पैसा कोणाचा, हा तिसरा. उद्योगपती इलॉन मस्क यांचा पैसा शिमेल यांच्या बाजूने ओतला जात होता, म्हणून क्रॉफर्डबाईंनी प्रतिस्पर्ध्याचे नावच ‘इलॉन शिमेल’ करून टाकले. शिमेल यांनीही उलट जॉर्ज सोरोस यांच्या देणगीचा विषय काढला. आपल्याकडच्या विधानसभेच्या प्रचारसभेत आणि यात फरक फक्त आवाजाच्या पट्टीचा होता.

मंडळी, जे चांगले दिसले ते आधी सांगतो. पहिले म्हणजे, न्यायाधीश होऊ पाहणारा माणूस सामान्य लोकांपुढे उभा राहतो, त्याने पूर्वी दिलेल्या शिक्षांबद्दल त्याला विचारले जाते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या जिल्हा न्यायाधीशांचे नाव ठाऊक आहे? हात वर करा म्हटले तर हा हॉल शांत राहील. दुसरे म्हणजे, निकालाच्या रात्री शिमेल हरले तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी आरडाओरड केली, आणि त्यांनी समर्थकांना थांबवून निकाल मान्य करायला सांगितले. हा गुण घेण्यासारखा आहे.

आता हिशेब मांडू, कारण तो आमच्या पेशाचा भाग आहे. त्या एका जागेसाठी सर्वांनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या दराने हे सुमारे साडेआठशे कोटी रुपये होतात. मते पडली तेवीस लाखांहून अधिक. म्हणजे एका मतामागे साडेतीन हजार रुपयांच्या वर खर्च. मतदानाच्या दोन दिवस आधी मस्क यांनी ग्रीन बे गावातील सभेत दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश दिले. एवढे होऊनही त्यांचा उमेदवार पडला, क्रॉफर्डबाई सुमारे ५५ टक्के मतांनी निवडून आल्या. म्हणजे लोक विकले गेले नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण जिंकणाऱ्या बाजूनेही कोट्यवधी डॉलर उभे केलेच होते. कर्ज देताना आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, परतफेड कशातून होणार? न्यायाधीशाच्या निवडणुकीत गुंतवलेल्या पैशाची परतफेड कशातून होणार, हा प्रश्न तिथल्या मतदारालाही सतावतो.

हा नुसता संशय नाही. त्याच देशातले वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण घ्या. एका कोळसा कंपनीविरुद्ध २००२ साली ज्यूरीने पाच कोटी डॉलरच्या भरपाईचा निर्णय दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे दिसत होते. २००४ साली त्या न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक आली. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणण्यासाठी तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवार निवडून आला. पुढे अपील आले, बाजूला व्हा म्हणून विनंती झाली, ती त्याने फेटाळली आणि कंपनीच्या बाजूने निकाल लागला. फरक एका मताचा, तीन विरुद्ध दोन. अखेर २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या न्यायमूर्तींनी त्या खटल्यात बसायलाच नको होते. तो निर्णयही पाच विरुद्ध चार मतांनी झाला. चार न्यायमूर्तींना त्यातही हस्तक्षेप करण्यासारखे काही वाटले नाही!

दुसरे उदाहरण मेक्सिकोचे. त्या देशाने १ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंतच्या न्यायाधीशांसाठी देशभर मतदान घेतले. उमेदवार इतके, की मतदार कोणाला मत द्यायचे याच्या चिठ्ठ्या घेऊन केंद्रावर गेले. मतदान झाले सुमारे तेरा टक्के. शंभरातले सत्त्याऐंशी घरी बसले. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्याच मतदानातून उगो अगिलार हे मिश्तेक या मूळनिवासी समाजाचे वकील सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले. छोट्या भाषेचा माणूस मतांनी वर जाऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. तो आम्ही लपवणार नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या राज्यघटनेने दुसरा मार्ग धरला. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. खालच्या दिवाणी न्यायाधीशाच्या जागेसाठी स्पर्धा परीक्षा असते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुका राष्ट्रपतींच्या सहीने होतात, पण १९९३ च्या निकालापासून नावे सुचवतात ते ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ, ज्याला कॉलेजियम म्हणतात. मतदाराचे यात कुठेही काम नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसाला यात तोटा की फायदा? आम्ही म्हणतो फायदा, आणि त्याचे कारण अमेरिकेत शोधायला नको. ते आपल्याच इतिहासात आहे.

गोकाक समितीच्या अहवालानंतर जे राजकारण पेटले, त्यातून कर्नाटक सरकारने २० जुलै १९८२ रोजी आदेश काढला, की माध्यमिक शाळेत प्रथम भाषा म्हणून एकटी कन्नडच राहील. पुढे जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात बेळगाव परिसरात आंदोलन झाले, गोळीबार झाला, आपली माणसे गेली. हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. आपण दरवर्षी तिथे जातो. पण एक गोष्ट आपण भाषणांतून फारशी सांगत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संघटनेने तो आदेश कोर्टात नेला होता, आणि २५ जानेवारी १९८९ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्यघटनेशी विसंगत ठरवला. समानतेचा हक्क आणि अल्पसंख्याकांचे भाषिक व शैक्षणिक हक्क यांचा त्याने भंग होतो, असे म्हटले.

हा निकाल मुंबईला किंवा दिल्लीला लागला नाही. बेंगळुरूला लागला, कर्नाटकच्या उच्च न्यायालयात लागला. रस्त्यावर हजारो लोक त्या आदेशाच्या बाजूने होते. सर्व पक्ष त्यापुढे नमलेले होते. आता कल्पना करा, की त्या न्यायमूर्तींना दर दहा वर्षांनी मते मागायला जायचे असते. मिलवॉकीत झाली तशी चर्चा बेंगळुरूच्या एखाद्या सभागृहात भरली असती, आणि पहिलाच प्रश्न आला असता, तुम्ही कन्नडच्या बाजूचे की विरुद्ध? उमेदवाराने काय उत्तर दिले असते? प्रामाणिक माणूससुद्धा अडखळला असता. हाच प्रश्न कोल्हापुरात किंवा पुण्यात मराठीविषयी विचारला असता, तर तिथला उमेदवारही अडखळला असता. यात कन्नड माणसाचा दोष नाही. बहुमताचा स्वभावच तसा आहे.

सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये सुधारित आदेश काढला आणि तो १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने टिकवला, हेही खरे. आपल्याला हवे ते सगळे कोर्टात मिळते असे नाही. पण आपले म्हणणे मतांची मोजदाद न करता ऐकले गेले, हे महत्त्वाचे. विधानसभेत आपली डोकी मोजली जातात. कोर्टात मुद्दा तोलला जातो. ज्या समाजाची डोकी कमी, त्याने तोलण्याची जागा मोजण्याच्या जागेत बदलून मागू नये.

बँकेत काम करणाऱ्याला हे तत्त्व नवीन नाही. व्हाउचर तयार करणारा एक आणि पास करणारा दुसरा. ऑडिटला येणारा माणूस शाखेच्या खातेदारांनी निवडलेला नसतो. निवडला असता, तर थकबाकीदारांनी एकजुटीने कोणाला निवडले असते, ते तुम्हाला सांगायला नको.

मग आहे ते सगळे छान आहे काय? मुळीच नाही. कॉलेजियममध्ये कोणाचे नाव का पुढे गेले आणि कोणाचे का मागे राहिले, हे सामान्य माणसाला कळत नाही. संसदेने न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द केला. न्यायाधीशांची नेमणूक न्यायाधीशांनीच करावी हे न्यायाधीशांनीच ठरवले, अशी टीका झाली, आणि ती खोडून काढणे अवघड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत २४ मे १९४९ रोजीच बजावले होते, की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच. नेमणुकीत त्यांच्या एकट्याच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे. २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची मालमत्ताही जाहीर झाली. ही पावले बरोबर आहेत, पण पुरेशी नाहीत. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या निवासस्थानी आग लागल्यावर जळालेल्या नोटांचे जे प्रकरण निघाले, त्याने सगळ्यांचीच मान खाली गेली. निवडणूक नसली म्हणजे पैसा दूर राहतो, अशा भ्रमात कोणी राहू नये.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. न्यायाधीश आपल्या पसंतीचा मिळाला तर? मंडळी, हा अनुभवही आपण घेतला आहे. सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केले, महाराष्ट्राने आयोग मागितला, आणि १९६६ साली केंद्राने एकसदस्य आयोग नेमला. नाव किती मोठे! मेहरचंद महाजन, देशाचे माजी सरन्यायाधीश. १९४७ साली पंजाबची फाळणी ठरवणाऱ्या रॅडक्लिफ यांच्या आयोगातही ते सदस्य होते. सरहद्द आखण्याचा त्यांच्याइतका अनुभव कोणाला असणार? १९६७ साली अहवाल आला, काही गावे इकडे, काही तिकडे, आणि बेळगाव मात्र कर्नाटकात. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आपली चार सूत्रे तशीच राहिली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने तोच अंतिम मानला, आणि भांडण आजतागायत आहे.

यातून आम्ही एक धडा घेतला. न्याय कोण देणार याहून तो कोणत्या नियमाने देणार, हे आधी पक्के झाले पाहिजे. कर्ज मंजूर करणारा मॅनेजर आपल्या ओळखीचा असून भागत नाही, मंजुरीपत्रातल्या अटी वाचाव्या लागतात. आयोग मागताना आपण माणूस मागितला, अटी मागितल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयातला दावा म्हणूनच वेगळा आहे. तिथे मुद्दे ठरवावे लागतात, पुरावा द्यावा लागतो, निकालाची कारणे लिहावी लागतात. राज्यांच्या सीमा बदलणे हे संसदेचे काम, न्यायालयाचे नव्हे, असा कर्नाटकाचा आक्षेप आहे. त्यालाही कारणांसह उत्तर द्यावे लागेल. साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी न्यायालयाने २०१४ साली निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली होती. त्यालाही आता किती वर्षे झाली, ते तुम्हीच मोजा. आपली तक्रार न्यायाधीश कोणी निवडला याबद्दल नाही, उशिराबद्दल आहे, आणि ती आपण ठणकावून केली पाहिजे.

आपल्या खटल्यात मराठी न्यायमूर्ती बसले तर बरे, असेही काही जण म्हणतात. अशा दाव्यात दोन्ही राज्यांशी नाते असलेले न्यायमूर्ती बहुधा स्वतःहून बाजूला होतात, आणि तेच योग्य आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते आपल्या माणसांच्या बाजूने होते म्हणून घेतो काय? नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना, म्हणजे प्रत्यक्ष धन्याला, दोषी ठरवले म्हणून घेतो. मग आपल्या खटल्यात आपला माणूस मागायचा कोणत्या तोंडाने?

तेव्हा आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली, कोर्टातली भाषा. एका सभासदाच्या घरी समन्स आले, ते घरात कोणालाच वाचता येईना. शेजारच्या कन्नड गृहस्थांनी वाचून दाखवले तेव्हा तारीख उलटून गेली होती. कोणताही कागद आला तरी घेऊन ठेवू नका, त्याच दिवशी वकिलाला किंवा आपल्या कार्यालयात दाखवा. आणि हे लक्षात ठेवा, की फौजदारी खटल्यात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे. हे जुन्या फौजदारी संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मागा.

दुसरी, मोफत वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. औद्योगिक कामगार म्हणजे या हॉलमधले निम्मे लोक! फाउंड्रीत बोट गेले, मालकाने हिशेब दिला नाही, तर पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचे कारण नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. न्यायाधीश निवडण्याचा हक्क आपल्याला नाही, पण न्यायाधीश होण्याचा आहे. टिळकवाडीत राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे. १९८९ साली सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथे शिकले, देशाचे अॅटर्नी जनरल राहिलेले के. के. वेणुगोपाल तिथे शिकले. वेंकटरामय्यांच्या कन्या बी. व्ही. नागरत्ना याही पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. ते कॉलेज इथून सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आपली मुले त्याच्यावरून रोज शिफ्टला जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षे वकिली हवी. तीन वर्षे नव्या वकिलाची कमाई जेमतेम असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गरीब घरातला मुलगा इथेच मागे फिरतो. आपली मंडळी गणपतीला वर्गणी काढतात, शिवजयंतीच्या चित्ररथाला काढतात. त्यातलाच थोडा वाटा बाजूला काढून दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला ही तीन वर्षे सांभाळता येणार नाही काय? हिशेब ठेवायला आम्ही तयार आहोत. पावत्या छापून घेऊ, पै न पैचा ताळेबंद वार्षिक सभेत मांडू.

अट एकच राहील. त्या मुलाने कन्नड उत्तम शिकायचे, कायदा उत्तम शिकायचा, आणि उद्या खुर्चीवर बसल्यावर समोरचा मराठी की कन्नड हे विसरायचे. आपल्या पैशाने शिकला म्हणून त्याने आपल्या बाजूने निकाल द्यावा, अशी अपेक्षा ठेवली, तर आपण आणि तो कोळसा कंपनीचा मालक यांत फरक उरणार नाही.

हा ठराव आजच्या बैठकीपुढे आम्ही मांडत आहोत. त्यावर चर्चा व्हावी, विरोध असेल तर तोही इथेच उघडपणे बोलून दाखवावा.